गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लवकर निदान : बदलत्या पद्धती आणि आपले काम

(महिला शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'सोयाबीनमधील तण व्यवस्थापन' हा विषय छापलेला आहे. तो मी दुपारच्या सत्रात घेणारच आहे. सकाळचा हा अर्धा तास मात्र मी संयोजकांकडून मुद्दाम मागून घेतला. विषय आहे गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि त्याचे लवकर निदान. विषयाचे नाव ऐकून मागे बसलेले काही बंधू उठण्याच्या तयारीत दिसतात. त्यांनी कृपया बसावे. हा आजार बायकांना होतो हे खरे. पण तपासणीला जायचे की नाही, कोणत्या दिवशी जायचे, गाडीवर कोणी न्यायचे, हे बहुतेक घरांत पुरुषच ठरवतात. म्हणून हे बोलणे निम्मे तुमच्यासाठीही आहे.

मी डॉक्टर नाही. मी कृषिविद्या हा विषय शिकवते. मग मी यावर का बोलते, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या प्रक्षेत्रावर खुरपणीला येणाऱ्या बायकांत एक मावशी होत्या. पाळी जाऊन त्यांना चार-पाच वर्षे झाली होती. एका पावसाळ्यात त्यांना पुन्हा अंगावरून जाऊ लागले. 'उष्णता झाली असेल' असे म्हणून त्यांनी ते कोणालाच सांगितले नाही. सोयाबीनची काढणी झाली, मग हरभऱ्याची पेरणी आली, मग सुनेचे बाळंतपण आले. कंबर धरून बसायची वेळ आली तेव्हा मुलाने दवाखान्यात नेले. रोग तिसऱ्या टप्प्यात गेला होता. पुढच्या खरिपात त्या खुरपणीला आल्या नाहीत, आणि त्यानंतरही कधी आल्या नाहीत.

त्या वर्षी त्याच वाफ्यांत मी दर पंधरा दिवसांनी तणांची मोजणी करत होते. चौकट टाकायची, एकेक रोप मोजायचे आणि वहीत लिहायचे. तणाच्या प्रत्येक रोपाची नोंद माझ्याकडे होती. शेजारी बसून खुरपणाऱ्या बाईला मात्र 'तब्येत कशी आहे' एवढेही मी विचारले नव्हते. तेव्हापासून मी या विषयावर वाचत गेले, जाणकार डॉक्टरांना विचारत गेले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

रोगाचे स्वरूप

गर्भाशय, म्हणजे आपण जिला 'पिशवी' म्हणतो, तिचे खालचे तोंड म्हणजे गर्भाशयमुख. या तोंडावरच्या नाजूक आवरणात हा कर्करोग सुरू होतो. जगभरात २०२२ या एका वर्षात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्याने दगावल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्याच अंदाजानुसार भारतातील नवे रुग्ण सुमारे १ लाख २७ हजार आणि मृत्यू सुमारे ८० हजार होते. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो.

या रोगाचे कारण आज पक्के माहीत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. या कामासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूला थोडक्यात एच.पी.व्ही. म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. परंतु सुमारे ७० टक्के रोगाला १६ आणि १८ हे दोन प्रकार जबाबदार असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. तो वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. त्यामुळे एखाद्या बाईच्या तपासणीत विषाणू आढळला म्हणून तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या वागणुकीबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. या एका गैरसमजापायी अनेक जणी तपासणीला येत नाहीत.

बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या स्त्रियांमध्ये तो टिकून राहतो. तेथे आवरणातील पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदलापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे १५ ते २० वर्षे जातात. एच.आय.व्ही.सारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो.

लवकर निदानाचा सारा अर्थ या १५-२० वर्षांत आहे. सोयाबीनमध्ये पहिले ३० ते ४५ दिवस तण आवरले तर पीक हाती लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवसांत पीक वरून हिरवेगारच दिसते, म्हणून कोणी खुरपणी पुढे ढकलत नाही. गर्भाशयमुखाचेही तसेच आहे. बदल सुरू झालेला असतो तेव्हा बाईला काहीही त्रास नसतो. दुखत नाही, खुपत नाही, रक्त जात नाही. म्हणून 'मला काही होत नाही, मी कशाला तपासू' हे उत्तर या रोगाला लागू पडत नाही. काही होत नसतानाच तपासायचे असते.

तपासणीच्या पद्धती कशा बदलत गेल्या

१) पॅप तपासणी : न्यूयॉर्कमध्ये काम करणारे मूळचे ग्रीक डॉक्टर जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९२८ साली प्रथम मांडले, की योनिमार्गातील स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात. १९४३ साली त्यांनी डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ही तपासणी जगभर गेली. फिनलंडसारख्या देशात १९६० नंतरच्या दशकात प्रत्येक स्त्रीला ठरावीक वयात बोलावणे पाठवून ती केली जाऊ लागली. तेथे या रोगाचे प्रमाण पुढे सुमारे ८० टक्क्यांनी खाली आले.

ही पद्धत चांगली असली तरी तिला प्रयोगशाळा, काचपट्टी वाचणारा प्रशिक्षित माणूस आणि पुन:पुन्हा तपासणी लागते. एका तपासणीत बदललेल्या पेशी नजरेतून सुटण्याचे प्रमाण बरेच असते. शिवाय निकाल यायला दिवस लागतात. आपल्याकडे एकदा आलेली बाई निकालासाठी दुसऱ्यांदा येईलच असे नाही. त्यामुळे खेड्यापाड्यांत ही पद्धत फारशी रुजली नाही.

२) ॲसिटिक ॲसिडची तपासणी : हिला व्ही.आय.ए. म्हणतात. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के तीव्रतेचे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच्या तीव्रतेचे द्रावण, कापसाच्या बोळ्याने लावायचे आणि एक मिनिट थांबायचे. बदल झालेला भाग पांढरा दिसू लागतो. प्रयोगशाळा लागत नाही, निकाल जागेवर कळतो, प्रशिक्षित परिचारिका किंवा आरोग्यसेविका ही तपासणी करू शकते. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास केला. त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक मुलींना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी ही तपासणी करण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही तपासणी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि सरावावर अवलंबून असते. तसेच पाळी गेल्यानंतर, ज्या भागात बदल होतात तो भाग आत सरकतो आणि नीट दिसत नाही. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या बाईला केवळ या तपासणीवर विसंबता येत नाही.

३) विषाणूची चाचणी : तिसऱ्या पद्धतीत पेशी किंवा डाग न पाहता थेट विषाणूच शोधला जातो. छोट्या मऊ ब्रशने नमुना घ्यायचा आणि यंत्रावर तपासायचा. पाहणाऱ्याच्या नजरेचा प्रश्न येथे उरत नाही. या चाचणीचे महत्त्व जगाला पटले त्यात मोठा वाटा आपल्याच भागातील गावांचा आहे. ती हकीकत प्रत्येक मराठी शेतकरी कुटुंबाला माहीत असायला हवी.

आपल्या गावांनी जगाला काय दिले

बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावांत कोणाला कोणता कर्करोग झाला आणि तो कोणत्या टप्प्यात सापडला याची नोंद ठेवण्यात येऊ लागली. कार्यकर्ते गावागावांत जाऊन लक्षणे समजावून सांगत. केवळ एवढ्यानेही स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्याचे आढळून आले.

पुढे १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले. तीन गटांना प्रत्येकी एका पद्धतीची तपासणी, तीही एकदाच, देऊ केली. चौथ्या गटाला आरोग्यशिक्षण आणि नेहमीची सेवा मिळाली. आठ वर्षे पाठपुरावा करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे :

तक्ता : आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू

विषाणू चाचणी गट – स्त्रिया ३४,१२६ – मृत्यू ३४
पॅप तपासणी गट – स्त्रिया ३२,०५८ – मृत्यू ५४
ॲसिटिक ॲसिड तपासणी गट – स्त्रिया ३४,०७४ – मृत्यू ५६
तपासणी न केलेला गट – स्त्रिया ३१,४८८ – मृत्यू ६४

विषाणू चाचणीच्या गटात स्त्रिया जास्त असूनही मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पुढच्या टप्प्यात गेलेल्या कर्करोगाचे रुग्ण चौथ्या गटात ८२ होते, तर विषाणू चाचणीच्या गटात ३९. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत खात्रीने सांगता येईल इतका फरक या अभ्यासात पडला नाही. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात मात्र ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ साली दिसून आले होते. म्हणजे ती पद्धत निरुपयोगी नाही. ती करणाऱ्याच्या कसबावर आणि पुढच्या उपचारावर फार अवलंबून आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. धाराशिवच्या अभ्यासातील आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. विषाणू चाचणीत ज्यांना 'नाही' असे उत्तर मिळाले, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत कर्करोगाचे प्रमाण इतर दोन चाचण्यांत 'नाही' उत्तर मिळालेल्या स्त्रियांच्या मानाने चौथा हिस्सा होते. या चाचणीच्या 'नाही'वर बरीच वर्षे भरवसा ठेवता येतो.

आता चौथ्या गटाविषयी दोन शब्द. आम्ही कृषिविद्येतील लोक प्रत्येक प्रयोगात एक वाफा बिनखुरपणीचा ठेवतो. तुलनेसाठी तो लागतो आणि त्याचे आम्हाला काही वाटत नाही. या अभ्यासात त्या जागी बायका होत्या. त्यांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे जाणकारांमध्ये वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण मला आज दुसरा प्रश्न पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची ही तपासणी एकदा तरी झाली आहे अशा स्त्रिया फक्त १.९ टक्के होत्या. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी अजून त्या चौथ्या गटातच आहेत. आमच्या प्रक्षेत्रावरच्या मावशी त्याच गटात होत्या. आपल्या घरातील बाई कोणत्या गटात आहे, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे.

आजची दिशा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या रोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यानुसार २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची चांगल्या प्रतीची चाचणी वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा व्हावी असे ठरले. २०२१ च्या मार्गदर्शनात विषाणू चाचणीला पहिली पसंती देण्यात आली. वयाच्या ३० पासून दर ५ ते १० वर्षांनी ती करावी, आणि एच.आय.व्ही. असलेल्या स्त्रियांनी २५ पासून दर ३ ते ५ वर्षांनी करावी, असे त्यात सुचविले आहे.

यात आपल्या दृष्टीने दोन गोष्टी फार उपयोगाच्या आहेत. पहिली म्हणजे नमुना स्वत: घेण्याची सोय. विषाणू चाचणीसाठी बाई पडद्याआड जाऊन लहानसा ब्रश वापरून स्वत:च नमुना घेऊ शकते. चांगल्या प्रतीच्या चाचणीत असा नमुना आरोग्य कर्मचाऱ्याने घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून सर्व पात्र स्त्रियांना ही मुभा आहे. ज्या भगिनींचा संकोच आड येतो त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र लहान झाले. क्षयरोगाच्या निदानासाठी अनेक सरकारी केंद्रांत पोचलेल्या, गोव्यातील कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर आता या विषाणूची चाचणीही करता येते. ही सोय अजून सर्वत्र झालेली नाही. पण ती आपल्या तालुक्यात यावी म्हणून ग्रामसभेत, आरोग्य समितीत मागणी करणे आपल्या हाती आहे.

सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी प्राथमिक आरोग्य यंत्रणेमार्फत करावयाची आहे. विषाणू चाचणी मिळत नसेल तर तिची वाट पाहत बसू नये. जी तपासणी आज जवळ मिळते ती करून घ्यावी.

तपासणीत दोष आढळला तर

विषाणू आढळणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. अशा वेळी डॉक्टर गर्भाशयमुखाची पुन्हा बारकाईने पाहणी करतात. आवरणात बदल दिसला तर तेवढाच भाग गरम टोकाने भाजून किंवा अतिथंड करून नष्ट केला जातो. गरम टोकाचा उपचार काही मिनिटांत आटोपतो, भूल द्यावी लागत नाही आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. बदल जास्त असेल तर तेवढा भाग तारेच्या फाशाने काढतात. गर्भाशय जागेवरच राहते.

हे मी मुद्दाम सांगते आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये शासनाच्या समितीमार्फत पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाते, पोट दुखते म्हणून आलेल्या बाईला 'पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घालून पिशवी काढल्याच्या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. कर्करोगाची भीती खरी आहे. पण त्या भीतीचे उत्तर आधी तपासणी हे आहे. तपासणीशिवाय केवळ पांढरे जाते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले, तर 'आधी चाचणी करा, निकाल लेखी द्या' असे स्पष्ट म्हणावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा.

कर्करोगच निघाला तरी धीर सोडू नये. पहिल्या टप्प्यातील बहुतेक स्त्रिया शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बऱ्या होतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड हाताशी ठेवावे.

ही लक्षणे असल्यास तपासणी शिबिराची वाट पाहू नये

– पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे
– दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे
– दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे
– ओटीपोटात किंवा कमरेत सतत दुखणे, पायाला सूज येणे

यांपैकी काहीही असल्यास त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. हंगाम संपण्याची वाट पाहू नये.

आपण काय करावे

१) घरातील ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीने एकदा तरी तपासणी करून घ्यावी. मुले झाली, शस्त्रक्रिया झाली, म्हणून ती टळत नाही. पाळी चालू नसलेला दिवस निवडावा.

२) हंगामाचे वेळापत्रक आखताना या तपासणीचाही दिवस लिहून ठेवावा. पेरणीनंतर उघडीप मिळते तेव्हा किंवा खरिपाची मळणी उरकल्यावर वेळ काढता येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दसऱ्याच्या आधीच ती उरकावी. एकदा गाव सोडले की सहा महिने हाताबाहेर जातात.

३) बचत गटाने आरोग्य केंद्राशी बोलून गटासाठी एक दिवस मागून घ्यावा. दहा-पंधरा जणी मिळून गेल्या की संकोच कमी होतो. पडद्याची सोय, स्त्री कर्मचारी, निकाल कधी आणि कसा मिळेल, दोष आढळल्यास पुढे कोठे पाठविणार, हे प्रश्न आधीच विचारावेत.

४) गटाच्या वहीत एक पान यासाठी राखावे. नाव, तपासणीची तारीख आणि पुढच्या तपासणीचे वर्ष एवढे लिहावे. निकाल मात्र ज्या त्या बाईच्या स्वत:च्या कार्डावरच असावा. तो चारचौघांत वाचू नये. दोष आढळलेली बाई पुढच्या उपचाराला पोचली की नाही, हे आशाताईंनी आणि एका विश्वासू मैत्रिणीने पाहावे. अनेक मोहिमा येथेच फसतात. तपासणी होते, छायाचित्र निघते आणि दोष आढळलेली बाई घरीच बसते. उपचाराविना केलेल्या तपासणीचा काही उपयोग नाही.

५) शेतमालकांनी आणि मुकादमांनी तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये. रोजावर जाणारी बाई स्वत:च्या खर्चाने एक दिवस सहसा सोडत नाही. हंगामात एका बाईची एक दिवसाची मजुरी, हा खर्च कोणत्याही फवारणीपेक्षा कमी आहे.

६) मुलींना ९ ते १४ या वयात या विषाणूची लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. लसीबाबत आरोग्य केंद्रात चौकशी करावी. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यायचीच आहे, कारण लस या विषाणूच्या सर्व प्रकारांवर चालत नाही.

बंधू-भगिनींनो, आपण माती परीक्षणासाठी नमुना देतो तेव्हा शेतात पीकही उभे नसते. पेरणीआधी समजले तर उपाय करता येतो, हे आपल्याला पटलेले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यातील शेतात राबणाऱ्या बायकांनी एका सकाळचे काम बाजूला ठेवून तपासणी करून घेतली. त्यांच्यामुळे आज जगभरच्या डॉक्टरांना कोणती चाचणी करावी हे कळले. ते ज्ञान त्यांच्याच लेकी-सुनांपर्यंत पोचू नये, ही गोष्ट बरी नव्हे.

मंडपाच्या उजव्या बाजूला आशाताई आणि आरोग्यसेविका वही घेऊन बसल्या आहेत. जेवणाच्या सुटीत ज्या भगिनींना तपासणीसाठी नाव द्यायचे आहे त्यांनी द्यावे. पुरुषांनी आपल्या घरातील स्त्रीला ही माहिती आज रात्रीच सांगावी आणि कोणत्या दिवशी न्यायचे ते तिलाच विचारून ठरवावे. पहिले नाव माझे लिहून झाले आहे. दुपारी दोन वाजता सोयाबीनच्या तणांकडे वळू.